मेघनाद साहांचे राजकारण गाळू नका: अभ्यास मंडळांना आणि विज्ञान दिनाच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
शालेय व विद्यापीठीय अभ्यास मंडळांचे सदस्य, विज्ञान केंद्रांचे संचालक आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाचे आयोजक यांस

विषय : प्रा. मेघनाद साहा यांच्या चरित्रातून त्यांचे राजकीय विचार व सार्वजनिक कार्य वगळले जाण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास शाळा-महाविद्यालयांत भारतीय शास्त्रज्ञांचे फलक लागतात. त्यांत साहा असलेच तर जन्म-मृत्यूच्या तारखा, ‘आयनीभवनाचे समीकरण’ आणि फार तर ‘पंचांग सुधारणा’ हे दोन शब्द, एवढ्यावर त्यांची बोळवण होते. पदवीच्या वर्गात समीकरण फळ्यावर मांडले जाते, एक-दोन उदाहरणे सोडवली जातात आणि साहा संपतात. हा माणूस पहिल्या लोकसभेत निवडून गेलेला खासदार होता, हे भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या अनेकांच्या कानावरही गेलेले नसते.

आम्ही भौतिकशास्त्र शिकवणारी माणसे आहोत. साहांचे समीकरण शिकवणे हे आमचे काम आहे, आणि ते ज्या माणसाने लिहिले त्याला अर्धा कापून मुलांपुढे ठेवणे आम्हाला मान्य नाही. ‘मुलांच्या कार्यक्रमात राजकारण नको’ असे कारण दिले जाते. निवडणुकीचा प्रचार नको, हे आम्हालाही पटते. पण साहांच्या आयुष्यातून राजकारण बाजूला काढायचे ठरवले, तर त्यांचे बालपणसुद्धा सांगता येत नाही.

आमची पहिली तक्रार याच ठिकाणी आहे. ‘गरीब कुटुंबात जन्म’ एवढे लिहून फलक पुढे सरकतो. ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातल्या शेओडातली या खेड्यात, किराणा दुकान चालवणाऱ्या जगन्नाथ साहा यांच्या घरी हा मुलगा जन्मला. पुढच्या इयत्तांची शाळा सुमारे दहा किलोमीटरवर सिमुलियाला. तिथल्या अनंतकुमार दास या डॉक्टरांनी त्याला फुकट ठेवून घेतले. आपले ताट आपण धुवायचे आणि गाईकडे बघायचे, ही अट. जातीचा काच तिथून सुरू झाला आणि कोलकात्याच्या ईडन हिंदू होस्टेलपर्यंत आला. तिथे सरस्वतीपूजेत त्यांनी भाग घेण्यालाच काही मुलांनी हरकत घेतली. विद्येच्या देवतेसमोर, परीक्षांत वरच्या क्रमांकाने येणाऱ्या मुलाला! हे वाक्य फलकावर लिहायला कोणाची हरकत असेल, तर ती त्यांनी नाव घालून नोंदवावी.

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली. बारा वर्षांचे साहा तेव्हा शिष्यवृत्तीवर ढाक्याच्या कॉलेजिएट स्कूलमध्ये शिकत होते. गव्हर्नर बॅम्पफिल्ड फुलर यांच्या भेटीवेळच्या बहिष्कारात ते सामील झाले आणि शाळेतून काढले गेले. शिष्यवृत्तीही गेली. किशोरीलाल ज्युबिली स्कूलने त्यांना घेतले नसते, तर आपण आज शिकवतो ते समीकरण दुसऱ्या कोणाच्या नावाने शिकवले असते. पुढे क्रांतिकारकांशी ओळखी असल्याच्या संशयावरून त्यांना सरकारी वित्त सेवेच्या परीक्षेला बसू दिले गेले नाही, आणि ते विज्ञानात राहिले. म्हणजे राजकारण हा त्यांचा उतारवयातला छंद होता, ही समजूत मुळातच चुकीची आहे.

दुसरी तक्रार समीकरणाच्याच मांडणीबद्दल. १९२० मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ या विज्ञानविषयक नियतकालिकात सूर्याच्या वर्णगोलातील (पृष्ठभागावरच्या विरळ वायूच्या थरातील) आयनीभवनावर, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन सुटून आयन होण्यावर, त्यांचा लेख आला. प्रश्न असा होता : आयनित कॅल्शियमच्या एच आणि के रेषा (३९६.८ आणि ३९३.४ नॅनोमीटर) वर्णगोलात खूप उंचावरही दिसतात, आणि साध्या, म्हणजे इलेक्ट्रॉन न गमावलेल्या, कॅल्शियमची ४२२.७ नॅनोमीटरची रेषा मात्र खालीच विरते. अणूतून इलेक्ट्रॉन तोडायला ऊर्जा लागते. मग उंचावर अधिक अणू तुटलेले कसे? साहांनी आयनीभवनाला रासायनिक विघटनासारखे वागवले. अणू तुटून आयन आणि इलेक्ट्रॉन होतात, ते पुन्हा जुळतात, आणि या दोन्हींचा तोल तापमानाइतकाच दाबावरही ठरतो. उंचावर दाब अतिशय कमी, जुळायला जोडीदार भेटत नाही, म्हणून आयन आयनच राहतो. त्याच हिशोबाने त्यांनी सांगितले की रुबिडियम आणि सीझियम (यांचा इलेक्ट्रॉन तोडायला जेमतेम ४.२ आणि ३.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते) सूर्यावर जवळजवळ पूर्ण आयनित असल्याने त्यांच्या साध्या रेषा दिसत नाहीत, तुलनेने थंड सौरडागांत शोधा. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना रुबिडियम तिथे सापडले. १९२५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी हेच समीकरण ताऱ्यांच्या वर्णपटांना लावले आणि तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत हे आकडे पुढे आले.

हे आपण शिकवतो. यानंतरचे शिकवत नाही. समीकरण कागदावर करता आले, पण ते तपासायला लागणारे उच्च तापमान आणि उपकरणे कोलकात्यात नव्हती; साहा त्यासाठी बर्लिनला जर्मन रसायनशास्त्रज्ञ नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत गेले. १९२३ मध्ये अलाहाबादला प्राध्यापक झाल्यावर पैसा आणि साधने यांसाठीची ओढाताण तशीच चालू राहिली. देशात वीज, धातुकाम, यंत्रे बनवणारे कारखाने नसतील तर विद्यापीठात विज्ञान उभे राहत नाही, हा निष्कर्ष त्यांनी प्रयोगशाळेत बसून काढलेला आहे. त्यांच्या साऱ्या राजकीय विचारांचा गाभा तो आहे.

तिसरी तक्रार, नियोजनाबद्दल. जानेवारी १९३४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनाचे साहा अध्यक्ष होते. तिथे त्यांनी ताऱ्यांबरोबर नद्यांचा प्रश्न मांडला : पूर का येतात याचा अभ्यास करणारी, नदीची लहान प्रतिकृती करून पाणी सोडून बघणारी संशोधन संस्था हवी. १९३५ मध्ये त्यांनी ‘सायन्स अँड कल्चर’ हे मासिक काढले. २१ ऑगस्ट १९३८ रोजी कोलकात्याच्या सभेत त्यांनी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांना उघड प्रश्न केला की उद्याचा भारत बैलगाडीच्या अर्थव्यवस्थेवर चालणार की उद्योगांवर. त्याच वर्षी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूच हवेत यासाठी साहांनी रवींद्रनाथ ठाकुरांकडे शब्द टाकला. समितीची पहिली बैठक डिसेंबर १९३८ मध्ये मुंबईतच झाली, सचिव मुंबईचे अर्थतज्ज्ञ के. टी. शाह होते, आणि इंधन व वीज या उपसमितीचे अध्यक्षपद साहांकडे आले. मुंबईत घडलेल्या या गोष्टी मुंबईच्याच प्रदर्शनांत नसाव्यात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

चरख्याला त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी लपवला नाही. देशाचे दारिद्र्य माणशी उपलब्ध ऊर्जेत मोजावे, असे त्यांचे म्हणणे. गांधीविचार मानणाऱ्या शिक्षकांना हे टोचेल. वर्गात दोन्ही बाजू ठेवा, मुले वाद घालतील. १९४५ च्या दौऱ्यानंतर त्यांनी सोव्हिएत नियोजनाचे जे कौतुक केले, त्यात तिथल्या दडपशाहीचा अंदाज कमी पडला आहे, असे आमचे मत आहे. तेही मुलांना सांगा. चुकलेली मते गाळून टाकल्याने शास्त्रज्ञ मोठा होत नाही.

बंगालमधल्या दामोदर नदीचे उदाहरण याहून जास्त शिकवणारे आहे. १९४३ च्या पुरात नदीने बांध फोडला, रेल्वेमार्ग आणि हमरस्ता वाहून गेला आणि युद्धाच्या ऐन धामधुमीत कोलकाता देशाच्या बाकी भागापासून तुटले. चौकशी समितीत साहा होते. नुसते बांध उंच करत राहिल्याने काय बिघडते, हे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते : गाळ पात्रातच साचतो, पात्राचा तळ वर येतो, बांध आणखी उंच करावा लागतो आणि तो फुटला की नुकसान आधीपेक्षा मोठे. त्यांनी अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर सबंध खोऱ्याचा एकत्र विचार सुचवला, म्हणजे पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक एका यंत्रणेखाली. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, आणि सिंचन व वीज हे विषय त्याच खात्यात येत. १९४५ मध्ये कोलकात्यात झालेल्या परिषदांत आंबेडकरांनी ही योजना पुढे नेली. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. एक बंगाली पदार्थवैज्ञानिक आणि एक मराठी कायदेतज्ज्ञ, दोघेही जातीची झळ सोसलेले, एकाच नदीच्या कामात. महाराष्ट्रातल्या कोणत्या विद्यार्थ्याला हे वाचायला आवडणार नाही? पुढे तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत एवढीच धरणे त्या काळात झाली, मूळ योजनेत ती जास्त होती. धरणांखाली संथाळांसह अनेकांची गावे गेली. साहांच्या लिखाणात विजेचा हिशोब जितका काटेकोर आहे तितका विस्थापितांचा नाही. हा उणेपणाही पाठात यायला हवा.

आता पंचांग. या बाबतीत आमची तक्रार सर्वांत मोठी आहे, कारण इथे नुसते गाळलेले नाही, चुकीचेही छापले जाते. ‘साहांनी शक सुरू केला’ असे वाक्य आम्ही फलकावर वाचले आहे. शक इसवी ७८ पासून मोजतात. साहा नोव्हेंबर १९५२ मध्ये नेमलेल्या दिनदर्शिका सुधारणा समितीचे अध्यक्ष होते, आणि त्या समितीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे, ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे दोघे सदस्य होते. शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर आणि लोकमान्य टिळक यांनी पंचांगशुद्धीचा जो वाद महाराष्ट्रात पेटवला, त्याचा धागा या समितीत थेट पोहोचला. मराठी फलकावर ही दोन नावे नाहीत!

समितीने दाखवलेली चूक नववीच्या मुलाला पाच मिनिटांत समजते. सूर्यसिद्धान्ताचे वर्षमान ३६५.२५८७५६ दिवस. ऋतू ज्या वर्षाने फिरतात ते ३६५.२४२१९६ दिवस. फरक ०.०१६५६० दिवस, म्हणजे वर्षाला जवळपास २४ मिनिटे. १४०० वर्षांत तो २३ दिवसांहून जास्त होतो. म्हणूनच सूर्य प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो आणि मकरसंक्रांत आपण १४-१५ जानेवारीला करतो. काहीच केले नाही, तर सण ऋतूंपासून सरकतच राहतील.

समितीच्या अहवालावरून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिचा नियम असा. १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी २१ मार्च. चैत्र ३० दिवसांचा, लीप वर्षी ३१. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे, कारण उन्हाळ्याच्या अर्धवर्षात सूर्याची भासमान गती मंद असते. आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे. शक वर्षात ७८ मिळवा. येणारे इसवी वर्ष लीप असेल तर शकाचे वर्षही लीप. २६ जानेवारी २०२६ चा राष्ट्रीय दिनांक काढायचा, तर माघ २१ जानेवारीला सुरू होतो म्हणून ६ माघ, आणि २२ मार्चच्या आधीची तारीख असल्याने २०२६ मधून ७९ वजा : शके १९४७.

गोंधळ कुठे होतो? मराठी माणूस चैत्र म्हटला की गुढीपाडवा धरतो. पाडवा चांद्र चैत्राच्या शुद्ध प्रतिपदेला येतो, त्याची इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. राष्ट्रीय चैत्र सौर आणि स्थिर आहे. महिन्यांची नावे तीच, शकाचा आकडा बहुतांश वर्षभर तोच, मोजणी मात्र वेगळी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बारीक अक्षरात ‘भारतीय सौर’ असे छापलेले असते ते हेच, पण ते वाचायचे कसे हे शाळेत कोणी सांगत नाही. बँकेतही तसेच घडते. हिंदीत राष्ट्रीय दिनांक लिहिलेला धनादेश वैध धरून स्वीकारावा, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलेले आहे. तरी खिडकीवरच्या माणसाला मुदत उलटली की नाही हे काढता आले नाही, तर तो धनादेश परत करून मोकळा होतो. वर दिलेला नियम त्याला माहीत असता, तर मिनिटभराचे काम होते.

साहांच्या दृष्टीने पंचांग हा राजकीय प्रश्न होता. देशात तेव्हा तीसेक पंचांगे चालत होती. एका प्रजासत्ताकाला एकच नागरी दिनांक असावा, तो आकाशाशी जुळावा आणि धर्माचा आधार न घेता सांगता यावा, हा त्यामागचा आग्रह. १९३९ च्या सुमारास ‘सगळे काही वेदांत आहे’ म्हणणाऱ्यांशी त्यांनी बंगाली मासिकातून दीर्घ वाद घातला, तो प्राचीन ग्रंथ स्वतः वाचून. धार्मिक सणांबाबत समितीने अयनांश (ताऱ्यांवरून आणि ऋतूंवरून मोजलेल्या राशीचक्रांच्या आरंभांतला फरक) २३ अंश १५ कलांवर स्थिर धरण्याची तडजोड केली. ही तडजोड का करावी लागली, हा उत्तम चर्चेचा विषय आहे.

अणुऊर्जेबद्दल थोडक्यात. १९४८ च्या कायद्याने हे क्षेत्र गुप्ततेच्या पडद्याआड आणि एका केंद्राभोवती गेले, त्याला साहांचा विरोध होता. आधी विद्यापीठांत माणसे तयार करा, उद्योगांचा पाया घाला, संसदेला हिशोब द्या, असे ते म्हणत. १० मे १९५४ रोजी लोकसभेत त्यांनी हा विषय उघड चर्चेला आणला. कोलकात्यात त्यांनी उभारलेल्या अणुभौतिकी संस्थेचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले होते. म्हणजे ते बाहेरून टीका करत नव्हते. अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रमुख होमी भाभांचे काम मोठे आहेच. पण भाभांच्या फलकाशेजारी साहांचा हा मतभेद लागला, तर विज्ञानाचे धोरण ठरवताना दोन जाणकार माणसे सभ्यपणे भांडू शकतात, हे मुलांना दिसेल.

१९५२ मध्ये ते कोलकाता वायव्य मतदारसंघातून अपक्ष म्हणून, डाव्या पक्षांच्या पाठिंब्याने निवडून आले. काँग्रेसचा उमेदवार त्यांनी हरवला. १९३० पर्यंत आपण जगापासून दूर संशोधनातच होतो, पण आता राज्य चालवायला कायदा-सुव्यवस्थेइतकेच विज्ञान लागते म्हणून हळूहळू राजकारणाकडे आलो, अशा अर्थाचे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. लोकसभेत ते शिक्षण, निर्वासितांचे पुनर्वसन, नद्या, उद्योग यांवर बोलत राहिले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जाताना वाटेतच हृदयविकाराने ते गेले. ‘१९५६ मध्ये निधन’ असे छापताना ते कुठे निघाले होते, एवढे तरी छापा.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत, आणि त्यांना निधी जवळजवळ लागत नाही.

साहांच्या प्रत्येक फलकावर व पाठात त्यांचे संसद सदस्यत्व, नियोजन समिती, दामोदर आणि दिनदर्शिका समिती ही चार कामे सालांसह यावीत. दप्तरी आणि करंदीकर यांची नावे मराठी मजकुरात असावीत. ‘शक सुरू केला’ ही चूक जिथे असेल तिथून काढावी. आहे तोच फलक ठेवायचा असेल, तर त्यावर दुरुस्तीची पट्टी चिकटवली तरी चालेल.

नववी-दहावीला राष्ट्रीय दिनांक काढण्याचा एक तासाचा उपक्रम ठेवावा : महिन्यांच्या आरंभाचा तक्ता, ७८-७९ चा नियम, लीप वर्षाची तपासणी आणि शेवटी स्वतःच्या जन्मतारखेचे रूपांतर. २२ मार्चच्या आतबाहेरची एक-एक तारीख जरूर द्यावी. मुले तिथेच चुकतात. पडताळ्यासाठी राष्ट्रीय पंचांग हाताशी ठेवावे, ते मराठीतही निघते.

पदवीच्या अभ्यासक्रमात समीकरणासोबत १९२० च्या मूळ लेखातला एक उतारा आणि १९५४ च्या लोकसभेतील भाषणाचा एक उतारा वाचनाला लावावा. लोकसभेचे कामकाज छापील व डिजिटल स्वरूपात उपलब्ध आहे. भाषांतर आम्ही विनामूल्य करून देऊ. गुणांसाठी प्रश्न ठेवायचा असेल तर तो मताचा नको, युक्तिवादाचा ठेवा : साहांचा मुद्दा काय होता, त्याला कोणते उत्तर मिळाले, आणि पुढे काय घडले.

आणि ज्या समितीला हे सारे नको असेल, तिने नकाराचे कारण लेखी कळवावे. येत्या २८ फेब्रुवारीचे, म्हणजे ९ फाल्गुनचे, फलक छापायला जाण्यापूर्वी आम्हाला उत्तर हवे आहे.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही शिक्षक